फिरत्या दाराचं स्टेशन

देवीदासनं बांधलेलं पहिलं रेल्वे स्टेशन आगगाडीकडे पाठ करून उभं राहिलं.

स्टेशन वीतभरच होतं. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठनं मुलासाठी मुंबईहून किल्लीची आगगाडी आणली होती. किल्ली पिळली की ती टेबलावरच्या रुळांवर गरगर फिरे, पण उतरायला कुठं गावच नाही म्हणून मुलगा भोकाड पसरी. त्या मुलाला इंग्रजी शिकवायला वलगावचे खुशालराव जात. घरची काळी जमीन, वर मॅट्रिक, त्यामुळे गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. ते शेठला म्हणाले, "आमच्या गावात एक माळी आहे. लग्नाची बाशिंगं बनवतो. त्याच्याकडून स्टेशन करून आणतो."

तो माळी म्हणजे देवीदास. एरवी झेंडू-शेवंती लावायची आणि लगीनसराईत भेंडाचा पांढरा गाभा अन् कागद कातरून बाशिंगं करायची, हा त्याचा धंदा. त्यानं पुठ्ठ्याचं स्टेशन केलं, कौलांना गेरू दिला, टांगायला मुगाएवढी घंटासुद्धा केली. शेठच्या दिवाणखान्यात शिरल्यावर आधी पूर्व कुठली ते विचारलं आणि दार बरोबर पूर्वेला करून स्टेशन ठेवलं. रूळ होते पश्चिमेला. गाडी आली ती मागच्या भिंतीशी येऊन थांबली.

"अरे, उतारू भिंतीवर आपटतील ना!" शेठ पोट धरून हसले.

देवीदास गंभीर. "घराचं तोंड पूर्वेलेच असते, शेठजी. रूळच तिकडं टाकले, त्याले मी का करू?"

परतीच्या वाटेवर बैलांच्या दमणीत खुशालराव वलगाव येईपर्यंत हसत होते. ते हसतात म्हणून देवीदासही हसला. पण पुढं कितीतरी दिवस वाफे निंदताना त्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की गाडी कुठूनही येईल आणि दार तर एकच आहे. शेवटी त्यानं चारी भिंती एकाच रुंदीच्या कातरल्या आणि कडांना अशा खाचा दिल्या की कुठलीही भिंत कुठल्याही बाजूला बसावी. खळ नको, दोरा नको. रूळ जिकडे असतील तिकडे दाराची भिंत खोचायची आणि वर छप्पर ठेवायचं. मोडलं तर सगळं सपाट होऊन पाकिटात मावे.

खुशालरावांनी ते दोनदा जोडलं, दोनदा मोडलं. या खेपेला ते हसले नाहीत.

"देवीदास, लेका, हे विकता येते! पोट्टे घरीच जोडतीन."

मग कापसाच्या जिनाची इमारत झाली, पाण्याची टाकी झाली, फाटकवाल्याची झोपडी झाली. देवीदास कातरी आणि त्याची बायको कौशल्या हळद-गेरू-निळीनं रंग भरी. देवीदासची अट एकच होती. "पैशाचं तुमी पाहा, खुशालभाऊ. पाकिटावर नाव तेवढं माझं टाकजा. बाशिंगावर कोणी नाव टाकत नाही. लग्न झालं की ते आढ्याले टांगते."

"टाकतो ना गा. छापखान्यात सांगून ठेवलं."

अकोल्याला शेतकी प्रदर्शन भरलं. "तू काहून येतं? गर्दी असते," खुशालराव म्हणाले. पण छापलेलं नाव पाहायची हौस दांडगी. धुतलेलं धोतर नेसून देवीदास कौशल्येला घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसला.

मांडवात कोट घातलेले खुशालराव चार प्रतिष्ठितांना स्टेशन दाखवत होते. "आधी एका अडाणी माणसानं बनवून पाहिलं. म्हणे घराचं तोंड पूर्वेला हवं! गाडी मागच्या भिंतीला! तेव्हा माझ्या डोक्यात आलं, दारच फिरतं केलं तर?"

सगळे हसले. खुशालराव हसले की हसायचं ही देवीदासची जुनी सवय, म्हणून तोही हसला. तो अडाणी माणूस कोण, हे त्याला अर्ध्या हसण्यात कळलं.

त्यानं पाकीट उचललं. दोन यत्ता शिकलेला माणूस, एकेक अक्षर लावत गेला. ठळक छापलं होतं: खुशालराव, मॅट्रिक. त्यानं पाकीट उलटून पाहिलं. मागं कोरं.

"हे कोण?" एका टोपीवाल्यानं विचारलं.

"हा होय? आमचा माणूस. कातरकाम करतो." आणि त्याच दमात, "देवीदास, साहेबांसाठी पाणी आण बरं."

देवीदासनं पाणी आणलं.

माणसं पांगल्यावर त्यानं विचारलं, "खुशालभाऊ, माझं नाव?"

"अरे, माळ्याच्या नावानं हे कोण घेते? पुढच्या खेपेले टाकू. तुले माझ्यावर भरोसा नाही का?"

"आहे ना," देवीदास म्हणाला.

परतताना गाडीनं मूर्तिजापूर सोडलं. कौशल्या म्हणाली, "पाणी कावून आणलं तुमी?"

"तहान लागली होती त्याहिले."

"मले बी लागली होती."

त्यानंतर देवीदासनं स्टेशनं कातरणं सोडलं. खुशालरावांचं काही अडलं नाही. नमुने त्यांच्याकडेच होते आणि अकोल्यात कातरणारा मिळाला. पाकिटं नागपूरपर्यंत जाऊ लागली.

पुढल्या उन्हाळ्यात खुशालरावांच्या बहिणीचं, शकुनचं लग्न निघालं. त्यांची आई गोदाबाई स्वतः चालत देवीदासच्या दारी आल्या. "माझं बाशिंग तुझ्या बापानं केलं होतं बापा. शकुनचं तूच कर." पोरीचा काय दोष? त्यानं केलं, आणि तसं बाशिंग वलगावात कोणी पाहिलं नव्हतं. वऱ्हाडी मंडळी हात लावून बघत होती.

"कोणाच्या हातचं हो?" व्याह्यांनी विचारलं.

फेटा सावरत खुशालराव म्हणाले, "गावातलाच एक माळी आहे."

देवीदास फुलांची टोपली घेऊन शेजारीच उभा होता.

बाशिंग बांधण्याआधी करणाऱ्याला मानाचा शेला अन् नारळ द्यायची रीत. घाईत शेला तेवढा आला. "नारळ उद्या पाठवतो रे," गोदाबाई म्हणाल्या.

शकुनचं पोरगं आता रांगायला लागलं. खुशालरावांच्या घरचा गडी झेंडू न्यायला आला की देवीदास मुकाट फुलं मोजतो. कौशल्या मात्र आतून ओरडते, "नारळ आणला का गा?"

गडी नाही म्हणून मान हलवतो आणि फुलं घेऊन जातो.