बुजगावणं एस.टी.मागं धावलं

मी आयुष्यात एकच संगीत नाटक लिहिलं आणि त्याचा शेवट एस.टी.च्या पायरीवर झाला. (मूळ नाटकात एस.टी. नव्हती.)

सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. आमचं गाव भोरपासून बरंच आत, डोंगराच्या कडेला. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, मास्तर एक, आणि ते मास्तर म्हणजे आमचे हे. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा, म्हणून मीही गुरुजीच म्हणायचे. माझं माहेर भोरचं. भोर म्हणजे जुनी संस्थानी राजधानी! त्यामुळं गाण्यातलं आणि नाटकातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा ठाम समज होता. लग्नाआधी मी पेटी शिकायलाही जात होते. पेटीनं मला फारशी दाद दिली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी आमची निमी चौथीत होती. चौथी झाली की गावातला एखादा मुलगा भोरला पाचवीला जायचा. मुली मात्र शेणगोठ्याला आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला. मी म्हणत होते, निमीला भोरला माझ्या भावाकडं ठेवू. पण माझे सासरे, तात्या, ते ऐकूनही घेईनात.

"घरातली पोर दुसऱ्याच्या दारात शिकाया ठेवायची न्हाई," ते म्हणाले. "गावात पाचवीचा वर्ग येऊ दे, मग शिकू दे की! मी कुठं न्हाई म्हनतोय?"

आता गावात पाचवीचा वर्ग आणणं हे काय माझ्या हातात होतं? गुरुजींकडं बघावं तर ते वडिलांसमोर कधी ब्र काढायचे नाहीत. वर्गात पोरांवर वाघासारखे, घरात तात्यांसमोर मांजर. मी आतल्या आत धुमसत बसले.

तेवढ्यात बातमी आली, शाळेच्या संमेलनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार. वर्ग वाढवायचा की नाही हे त्यांच्या शिफारशीवर ठरायचं.

"अर्ज दिलाय ना?" मी गुरुजींना विचारलं.

"दिलाय. पण अर्ज काय, सगळीच गावं देतात."

"मग आपण गाऊन सांगू!" मी म्हणाले. त्या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली असती, तर मी तोंडात पदराचा बोळा कोंबून बसले असते.

मी नाटक लिहायला घेतलं. नाव 'बुजगावण्याचा दरबार'. भाताच्या शेतात बुजगावणं उभं आहे. चिमण्या आणि पोपट लोंब्या खायला येतात. बुजगावणं त्यांना हाकलतं. मग पाखरं रडतात, "आम्हाला चारपर्यंतच मोजता येतं हो! किती खाल्लं म्हणजे पुरे, ते कळतच नाही." आणि शेवटी ती बुजगावण्यासोबत साहेबांकडं तोंड करून गातात,

"एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे, चार,
चाराच्या पुढं सारा अंधार!
पाच म्हणायला शिकवाल का?"

गुरुजींनी हे वाचलं आणि चष्मा पुसला. मला वाटलं, गहिवरले. "अगं, अक्षर जरा नीट काढ," ते म्हणाले.

बुजगावण्याचं काम निमीला दिलं. गुरुजींचा जुना कोट तिच्या अंगात घातला आणि हात आडवे ताठ राहावेत म्हणून दोन्ही बाह्यांतून एक बांबू सारला. डोक्यावर चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं. तालमी झकास चालल्या होत्या. फक्त पेटी नव्हती. गावात पेटी एकच, भजनी मंडळाची, आणि मंडळाचे बुवा कोण? तात्या!

मी चहाचा कप पुढं करून गोड आवाजात म्हणाले, "तात्या, संमेलनापुरती तेवढी पेटी द्याल का?"

"पेटी एकटी जात न्हाई," तात्या म्हणाले. "मंडळासंगं जाती."

"मग मंडळालाही घेऊन या की. पण आधी एकदा तालमीला..."

"भजनाला कधी तालीम असती व्हय?"

झालं! संमेलनाच्या दिवशी दुपारी शाळेच्या ओट्यावर, पाखरांच्या शेजारी, अख्खं भजनी मंडळ फेटे बांधून बसलं. तात्या पेटीवर, गेनबा पखवाजावर आणि बाकीच्यांच्या हातात टाळ. समोर खुर्चीवर साहेब. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, मांडीवर बॅग. आल्या आल्याच ते म्हणाले होते, "पाचच्या एस.टी.नं मला परत गेलंच पाहिजे. नंतर गाडी नाही." आमचं नाटक अर्ध्या तासाचं. वेळ भरपूर होता.

पडदा सरकला. (पडदा म्हणजे माझी दोन लुगडी.) बुजगावणं उभं होतं. पाखरं नाचत आली आणि पहिलं गाणं सुरू झालं, "आलो आलो, लोंब्या खाया आलो!"

आता भजनाची रीत अशी, की एकानं ओळ म्हटली की बाकीच्यांनी ती झेलायची. मंडळानं झेलली! दहा-बारा दणकट गळे आणि टाळ एकदम, "आलो आलो, लोंब्या खाया आलो!" पाखरं दचकली, पण लेकरं गुणी, त्यांनी पुन्हा म्हटलं. मंडळानं पुन्हा झेललं. मी पडद्याआडून कौतुकानं बघत होते. म्हटलं, वा, काय भरीव वाटतंय!

भजनाची दुसरी रीत अशी, की लय चढत जाते आणि बुवांनी हात वर केल्याखेरीज कुणी थांबत नाही. आणि बुवांचे डोळे तर केव्हाच मिटले होते.

लय चढली. समोर बसलेला गाव टाळ्या वाजवायला लागला. ज्यांनी वर्षभर हाळ्या देऊन पाखरं हाकलली ते शेतकरी माना डोलवत, तल्लीन होऊन, आपल्याच शेतातल्या लोंब्या खायला आल्याचं गाऊ लागले. गेनबाला नवीन सुचलं, "आलो आलो, वाटाणं खाया आलो!" मंडळानं तेही झेललं. मग हरभरा आला, भुईमूग आला. माझ्या नाटकात नसलेली पिकंही आली! कुणीतरी बुक्का आणला आणि भजनाच्या रिवाजाप्रमाणं सगळ्यांच्या कपाळांना लावत सुटला. पाखरांना लावला, बुजगावण्याच्या मडक्याला लावला, साहेबांना लावला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

गुरुजी वाकून तात्यांच्या कानात म्हणाले, "तात्या, आवरा." तात्यांनी डोळे न उघडता मान हलवली आणि लय दुप्पट केली.

मग मीच ओट्यावर धावले. दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! थांबा!" पण टाळांच्या दणदणाटात कोण ऐकतंय? बायकांना दिसली ती फक्त केस सुटलेली, हात नाचवणारी गुरुजींची बायको.

"अगं बया! बाईच्या अंगात आलं!"

दोघीतिघींनी मला घट्ट धरलं आणि एकीनं कपाळावर मूठभर हळदीकुंकू थापलं. "आई, सांगा," ती हात जोडून म्हणाली, "माझी गाभण म्हस कधी इल?"

"साहेब चालले हो!" मी किंचाळले.

"सायेब आल्यात अंगात!" ती मागच्यांना म्हणाली, आणि बायका माझ्या पायाच पडायला लागल्या. भोरची मी, संस्थानी राजधानीतली! आणि तिकडं साहेबांनी खरंच बॅग उचलली होती. ते गुरुजींना नमस्कार करून निघाले, आणि माझं शेवटचं गाणं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते तसंच राहिलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू फुटलं. निमीचं पुढचं सगळं आयुष्य त्या बॅगेबरोबर रस्त्याला लागलंय असं वाटलं. आणि मी अंगात आल्यासारखी थरथरत होते, त्यामुळं बायकांची तर खात्रीच पटली.

निमी त्या सगळ्या वेळात हात आडवे करून जागच्या जागी उभी होती. गाणं संपल्याशिवाय हलायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग साहेबांच्या पाठीकडं बघितलं. आणि बुजगावण्यानं ओट्यावरून उडी मारली!

डोक्यावरचं मडकं पडलं, फुटलं. बाह्यांत बांबू असल्यानं तिला गर्दीतून सरळ जाता येईना, म्हणून ती खेकड्यासारखी आडवी पळाली. मागोमाग सगळ्या चिमण्या, पोपट. मी बायकांना हिसडा देऊन निघाले आणि गुरुजी माझ्यामागं.

एस.टी. पाराजवळ उभी होती. साहेब पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात, "सायेब! थांबा!"

साहेब वळले. कोट घातलेलं एक बुजगावणं हात पसरून अंगावर येतंय बघून मागं सरले, तर पाठीला एस.टी. निमीनं वाकून नमस्कार केला आणि बांबूच्या टोकानं त्यांची टोपी उडवली.

"बुजगावण्याला हाफ तिकीट घेऊ का फुल?" कंडक्टर ओरडला.

"सायेब, शेवटचं गाणं राह्यलं," निमी धापा टाकत म्हणाली.

"अगं बाळ, गाडी निघाली."

"बारकंच हाय ते."

आणि ती गायला लागली. पेटी नाही, टाळ नाही, उघड्या रस्त्यावर. एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे, चार. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. चाराच्या पुढं सारा अंधार. खिडक्यांतून माणसं डोकावली. माझ्या त्या गाण्यात एवढं काही असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "मग पाच कुणी शिकवायचं?"

"तुमी."

"मी?"

"आमचे आजोबा म्हनतात, गावात वर्ग आला तर शीक. वर्ग तुमच्याकडं असतो. तुमी गेल्यावर मी कुणाला विचारू?"

तिकडं शाळेच्या ओट्यावर भजन थांबलं होतं. तात्यांनी डोळे उघडून बघितलं, तर समोर ना पाखरं ना बुजगावणं, ना सून ना मुलगा! ते धोतर धरून पळत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले ते नेमके निमीचं हे बोलणं ऐकायलाच.

"तुम्हीच आजोबा का?" साहेबांनी टोपी झटकत विचारलं.

"व्हय जी."

"वर्ग देणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. शिफारस नक्की करतो. पण यंदा मिळेलच असं नाही. नाही मिळाला, तर हिचं काय करणार?"

निमी आजोबांकडं बघत होती, हात अजून तसेच पसरलेले. तात्या पुढं झाले, हलक्या हातानं तिच्या बाहीतला बांबू ओढून काढला आणि तिचे खांदे चोळू लागले.

"न्हाई मिळाला तर मी सोता नेऊन घालतो भोरला," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडले. कपाळावरचं हळदीकुंकू त्यांच्या पायांवर सांडलं. ते म्हणाले, "उतरलं का अंगातलं?"

वर्ग त्या वर्षी मिळाला नाही. जून महिन्यात तात्यांनी निमीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर एस.टी.त बसले. माझ्या भावाच्या घरी तिला सोडून संध्याकाळी परत आले. मनासारखं झालं होतं, आणि चुलीपुढं बसून मी रडत होते.

त्या गुरुवारी देवळात भजन होतं. मी बायकांत मागं बसले. तात्यांनी पेटी ओढली आणि संथ लयीत सुरू केलं, "आलो आलो, लोंब्या खाया आलो." माझं गाणं! मी ताठ बसले. माणसं हात जोडून ऐकत होती. म्हटलं, शेवटी हे गाणं कुणाचं आहे ते आज तात्या सांगतील. तात्या शेवटच्या कडव्याला आले, थांबले, आणि अभंगात संतांनी आपलं नाव घालावं तसं गायले,

"तात्या म्हणे, राखण कुणाची करू?
उडून गेलं माझं पाखरू."

आणि त्यांचा आवाज फुटला. मंडळानं ती ओळ झेलली नाही.

शेजारची बाई डोळे पुसत माझ्या कानाशी आली. "तुजं सासरं काय लिवतंय गं! तू एवढी भोरची, नाटकवाली. तुला सुचंल का असं कधी?"

मी नाक पुसलं आणि म्हणाले, "नाही बाई. मला कुठलं सुचायला!"