भूमितीबाईंची वाकडी रेकॉर्ड

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी दहा. स्थळ: कर्वेनगर, आमची बैठकीची खोली. हजर: मी, भूमितीबाईंचा भाचा निखिल, त्याने सोबत आणलेले जुन्या रेकॉर्ड्सचे एक सभ्य खरेदीदार, आणि दहा वाजून बारा मिनिटांनी आवाजाची तक्रार घेऊन आलेले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गैरहजर: भूमितीबाई. त्यांना जाऊन तीन महिने झाले. खिडक्या: सगळ्या उघड्या.

खिडक्यांची नोंद मुद्दाम केली आहे. बाई आम्हाला नववी-दहावीला भूमिती शिकवत. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहत. दर रविवारी सकाळी दहाला त्या आधी सगळ्या खिडक्या उघडत आणि मग इंग्रजी रॉकची रेकॉर्ड लावत. "खिडकी लावून घ्यायला मी काय चोरी करते आहे?" असं त्यांचं म्हणणं. समोरच्या एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली, तेव्हा बाईंनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहून परत पाठवलं: "तक्रार मिळाली. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातला एक माझा. उरलेले एकशे सदुसष्ट आपण शांततेत घालवावेत, ही विनंती." त्यानंतर लेखी काही आलं नाही.

दहावीत असताना राहिलेली वही दाखवायला मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले. जिन्यातच ढोल बडवल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, वरच्या मजल्यावर भांडण चाललंय. दार उघडंच होतं. बाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. मोरीकडे बोट दाखवलं. हात धुवायचे, बसायचं आणि रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, हा तिथला नियम होता, आणि तो मुख्याध्यापिका आल्या तरी बदलत नसे. मी बसले. चार माणसं गात-वाजवत होती, नव्हे, कुणाशी तरी जोरात वाद घालत होती, आणि त्यांना हार मान्य नव्हती. आमच्या घरी तेव्हा मला विचारल्याशिवाय माझ्या पुढच्या शिक्षणाचं ठरवणं चालू होतं. त्या वीस मिनिटांत माझी पाठ आपोआप ताठ झाली. बाजू संपल्यावर मी म्हणाले, शब्द काही कळले नाहीत. बाई म्हणाल्या, "वाद कुणाचा आहे ते कळलं ना? पुरे." पुढच्या रविवारी वही नसताना गेले.

त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. बाई त्यांना नुसतं 'ते चौघे' म्हणत. नाव सांगितलं की लोक ऐकायचं सोडून मत देतात, असा त्यांचा अनुभव होता. त्या काळात लोक घरातल्या रेकॉर्ड्स काढून टाकत होते आणि कॅसेटी घेत होते. ते टाकलेलं सगळं जुन्या बाजारात यायचं. बुधवारी शाळा सुटली की बाई बॅटरी घेऊन तिथे हजर. जुनी कुलपं आणि मिक्सरची भांडी यांच्यामध्ये उकिडव्या बसून त्या प्रत्येक रेकॉर्ड तिरकी धरत आणि प्रकाश पाडून ओरखडे बघत. विक्रेता एकदा म्हणाला, आता हे कोण ऐकतं हो बाई. बाई म्हणाल्या, "म्हणून तर घेते. सगळे ऐकत होते तेव्हा तुम्ही माझ्यापर्यंत येऊ दिल्या असत्यात का?" त्या चौघांच्या नऊ रेकॉर्ड्स. त्या पुऱ्या करायला बाईंना अकरा वर्षं लागली.

नववी मिळाली त्या महिन्यात मी ती बिघडवली. रेकॉर्ड्स धुण्याचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं: कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मधला नावाचा गोल कागद भिजवायचा नाही, जुन्या मलमलीने टिपायचं आणि ताटाळ्यात उभ्या करून सावलीत वाळवायचं. त्या दिवशी मला घाई होती. मे महिना होता आणि गच्चीवर शेजारच्यांनी कुरडया घातल्या होत्या. मी ती नववी रेकॉर्ड कुरडयांच्या रांगेत ठेवली आणि कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर पातळ साडी पांघरली. अर्ध्या तासाने पाहिलं तर कुरडया चांगल्या वाळत होत्या आणि रेकॉर्डची कड लाटेसारखी वर आली होती.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, प्लेअरच्या तबकडीवर ठेवली, सुई निसटू नये म्हणून तिच्या दांड्यावर चार आण्याचं नाणं ठेवलं आणि लावली. दांडा चढत होता, उतरत होता. गाणंही थोडं हेलकावत होतं, पण थांबत नव्हतं. बाजू पुरी झाल्यावर बाईंनी त्यांची वही काढली. तिच्यात प्रत्येक रेकॉर्ड कधी आणली, कितीदा वाजवली, सुई कधी बदलली हे सगळं असे. त्यांनी त्या रेकॉर्डपुढे दोनच शब्द लिहिले: "वाकली. वाजते." मी म्हणाले, मी दुसरी आणून देईन. "लिहून ठेव," बाई म्हणाल्या, "बोललेलं विसरतं." त्या दिवशी मी माझी पहिली यादी केली. यादीत एकच काम होतं.

नारायण पेठेतली बिल्डिंग पाडायची ठरली तेव्हा बाई निखिलकडे राहायला गेल्या. निखिल वाईट नाही. त्याच्या घरात जागा नव्हती, एवढंच. तीनशे रेकॉर्ड्स बाईंनी टेम्पोने माझ्याकडे पाठवल्या, सोबत वही. शेवटच्या भेटीत त्या काठी टेकून दारापर्यंत आल्या. मी तब्येत विचारली. म्हणाल्या, "वाकले. वाजते आहे."

तर आजचं. निखिलचं म्हणणं, मावशीच्या वस्तू पडून राहण्यात काय अर्थ आहे. खरेदीदारांनी फोटो बघून चाळीस निवडल्या होत्या, बाकीच्या त्यांना नको होत्या. मी दोघांना बेसिन दाखवलं आणि वाकडी रेकॉर्ड लावली. सेक्रेटरींनी बेल वाजवली तेव्हा त्यांनाही बेसिन दाखवलं. हात धुवायला सांगितल्यावर पोहे मिळतील असं त्यांना वाटलं असावं, कारण ते मुकाट्याने बसले. बाजू संपल्यावर मी त्यांना एकशे सदुसष्ट तासांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "हे लेखी द्या." दिलं. तिथेच, त्यांनी आणलेल्या तक्रारअर्जाच्या मागे.

खरेदीदार मात्र ऐकणारे निघाले. ते हळूच म्हणाले, "ताई, ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे. सरळ, एकही ओरखडा नाही. त्या चाळीस मला द्या, पैसे निखिलना देतो आणि ही तुम्हाला भेट."

बत्तीस वर्षं मी ती शोधते आहे. खोटं कशाला लिहू, माझा हात रेकॉर्ड्सच्या कपाटाच्या दाराकडे गेला.

"आणि बाकीच्या दोनशे साठ?" मी विचारलं.

"त्या कोण ऐकतं हो?"

"मी ऐकते."

निखिल म्हणाला, "ताई, मावशी आता नाहीये. कुणासाठी अडून बसलायत?" मी त्याला वहीचं शेवटचं पान दाखवलं. बाईंचं ठसठशीत अक्षर, खाली सही: सर्व एकत्र राहतील. रविवारी दहा. खिडक्या उघड्या. त्याने ते दोनदा वाचलं. लहानपणी या आवाजाने त्याचं डोकं उठायचं, असं म्हणाला. मग चप्पल घालता घालता म्हणाला की हा विषय संपलेला नाही. नसेल. पुढच्या रविवारी यावं, बेसिन तिथेच आहे.

ते गेल्यावर मी नाणं सारखं केलं आणि दुसरी बाजू लावली.

आजची कामं झाली. जुन्या यादीतलं पहिलं काम तेवढं राहिलं आहे: नववी रेकॉर्ड, सरळ, बाईंना भरून देणे. बुधवारी जुना बाजार आहे. बॅटरीत नवे सेल घातले आहेत.