चिनी चालीवरचे शब्द

तिळाचे तेल कोमट झाले की त्याला विझत्या समईसारखा वास येतो, आणि आमच्या घरात तो वास आता दुपारच्या उन्हाचाच एक भाग होऊन बसला आहे. शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या खिडकीतून खालिद खाडीचे पाणी दिसते. उन्हाळ्यात ते निळे राहत नाही. दमट हवेच्या पडद्यामागे पाऱ्यासारखे नुसते चकाकत पडून असते. त्या पांढऱ्या, निस्तेज उजेडात मी माझ्या नवऱ्याचा, अविनाशचा, उजवा हात मांडीवर घेते आणि मिटलेले एकेक बोट उलगडत तेल चोळते. हा हात पूर्वीही जड होता. आता तो त्याहून जड वाटतो, कारण स्वतःचे ओझे स्वतः पेलण्याचे त्याने सोडून दिले आहे.

अविनाशचे अर्धे आयुष्य डोंगरापलीकडच्या फुजैरा बंदरात गेले. तिथल्या समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना इंधन पुरवणाऱ्या बार्जवर तो देखरेखीचे काम करी. आठवडाभर तो तिकडे, सुट्टीला घरी. घरी आला की अंगाला डिझेलचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास घेऊन येई, जेवे, आणि झोपून जाई. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सुट्टीच्या सकाळी न्याहारी करताना त्याच्या हातातला कप निसटला. तो मला काही सांगू लागला आणि माझ्या लक्षात आले की त्याच्या तोंडून येत आहेत ते शब्दच नाहीत. पक्षाघात उजव्या अंगावर उतरला होता, आणि त्याने वाणीही नेली.

इस्पितळातून परतला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘खलास’. संपले, झाले, या अर्थाचा हा अरबी शब्द इथे सगळ्यांच्याच जिभेवर असतो. बंदरावर तर दिवसभर तोच चालतो. पाणी हवे असले तरी खलास, उशी टोचत असली तरी खलास. आमची मुलगी रेवा दुबईहून येऊन त्याच्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या केसांवरून डावा हात फिरवत तो अतीव मायेने म्हणाला, ‘‘खलास.’’ ती हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

थकवा नावाची गोष्ट मला तोवर ठाऊक आहे असे वाटत होते. शाळेत हिंदी शिकवून संध्याकाळी घरी परतताना येणारा तो थकवा म्हणजे केवळ अंगाची कुरकुर होती. हा निराळा. हा सकाळी माझ्याआधी उठतो. अविनाशला काय हवे आहे याचे तर्क करत दिवस जातो, तर्क चुकले की तो चिडतो, आणि त्याच्या चिडण्याला मी चिडू शकत नाही. रेवा या घराची विस्कटलेली घडी पाहत होती. पुण्यात अशा रुग्णांसाठी एक चांगली संस्था आहे, स्वच्छ, झाडे असलेली, असे तिने शोधून काढले होते. ‘‘आई, यू कान्ट डू धिस फॉरेव्हर,’’ ती म्हणायची. मनातून मी होकाराच्या अगदी जवळ आले होते.

वाचा-उपचारासाठी आम्ही ग्लेंडाकडे जात होतो. ती फिलिपिनो, पन्नाशीच्या आतबाहेरची, ठेंगणी, आणि कधीही घाई न करणारी. वाणीचे घर मेंदूच्या एका बाजूला असते, गाण्याचे बरेचसे दुसऱ्या बाजूला, म्हणून बोलता न येणारी माणसेही कधीकधी गातात, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी आरत्या म्हणून पाहिल्या, शाळेतली प्रार्थना म्हणून पाहिली. अविनाश सौजन्याने ऐकत राही. अखेर मी तिला सांगून टाकले, की हा माणूस आमच्या लग्नानंतर कधी गुणगुणलासुद्धा नाही. याच्यात गाणेच नाही.

आणि मग एके दिवशी, ओळखायला ठेवलेली चित्रे गोळा करताना ग्लेंडा आपल्याच नादात काहीतरी गुणगुणू लागली. संथ, थोडी हेलकावे घेणारी चाल. वर जाऊन क्षणभर थबकणारी आणि मग एखाद्या दमलेल्या पक्ष्यासारखी खाली उतरणारी. अविनाशने मान वर केली. त्याचे वाकडे झालेले ओठ हलले आणि तो गाऊ लागला. शब्दांसह गाऊ लागला. शब्द आमच्या कुणाच्याच ओळखीचे नव्हते, पण ते एकामागून एक, न अडखळता येत होते. ज्या माणसाला माझे नाव उच्चारता येत नव्हते तो एक अख्खे कडवे गाऊन गेला आणि आमच्याकडे असा पाहत राहिला, जणू दार उघडे आहे हे त्याला आत्ताच कळले होते.

‘‘मॅडम, धिस इज अवर साँग!’’ ग्लेंडा टाळ्या वाजवत म्हणाली. तिची लोला, म्हणजे आजी, हे गाणे कपडे वाळत घालताना गायची. मग ती किंचित गोंधळली. ‘‘बट सर्स वर्ड्स... नॉट अवर वर्ड्स.’’

आम्हाला न्यायला आलेल्या रेवाने गाडी सुरू करण्याआधीच फोनवर ते शोधून काढले. गाणे चिनी होते, मँडरिन भाषेतले, तिच्या आजोबांच्या काळातले असावे इतके जुने. पण ते फिलिपाइन्समध्ये होते, इंडोनेशियात होते, ब्रह्मदेशात होते; ज्या ज्या किनाऱ्याला कॅसेट लागली तिथे लोकांनी त्याला आपले शब्द घातले आणि ते आपलेच समजून गायला लागले. ‘‘एव्हरीबडी हॅज अ व्हर्जन,’’ रेवा म्हणाली. आणि आरशातून मागे बसलेल्या बापाकडे पाहत डोळे मिचकावून, ‘‘बाबा, हू टॉट यू? एनी चायनीज गर्लफ्रेंड?’’

मीही हसले. पण ते हसू टिकले नाही. संशय हा शब्द फार मोठा आहे. मला जे वाटले ते त्याहून क्षुद्र आणि त्याहून दुखरे होते. जगबुडीतून माणसाने एकच गाठोडे वाचवावे, आणि त्यात घरातले काहीच असू नये!

फुजैराच्या खोलीतले त्याचे सामान आणायचे राहिले होते. ते निमित्त करून मी गेले. अविनाशजवळ त्या दिवशी रेवा थांबली. वाटेतले डोंगर तांबूस, उघडेबोडके, कुणीतरी भाजून ठेवल्यासारखे. या रस्त्याने तो वर्षानुवर्षे ये-जा करत होता आणि मी एकदाही त्याच्यासोबत आले नव्हते. डोंगर संपून समुद्र दिसला तेव्हा क्षितिजाशी जहाजे उभी होती, कशाची तरी वाट पाहणाऱ्या माणसांसारखी, एकमेकांपासून अंतर राखून.

त्याच्याबरोबर काम केलेले देवगडचे तांडेल खोलीशी किल्ली घेऊन उभे होते. वय झालेले, उन्हाने रापलेले, लाँच चालवणारे. मी गाण्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले.

‘‘वैनी, तुमका खरंच म्हायत नाय? साहेब बार्जवर तां रोज गायत.’’

त्यांनी जे सांगितले ते मी त्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर बसून ऐकले. बार्जवर लिन नावाचा एक म्हातारा चिनी स्वयंपाकी होता. जहाजाला नळी जोडली की तासन्‌तास नुसते बसून राहावे लागे, आणि लिन भांडी घासताना हे गाणे गाई. एकदा एका फिलिपिनो खलाशाने त्याच्या सुरात सूर मिसळून आपल्या भाषेतले शब्द म्हटले. तेवढ्यात इंडोनेशियाचा एक जण उठला, म्हणाला, हे तर आमचे गाणे, आमच्याकडे लग्नात गातात. ब्रह्मदेशच्या पोराने दोघांनाही खोटे पाडले. गाणे कुणाचे यावरून चांगलीच जुंपली. लिन मात्र नुसता हसत राहिला; त्याने एका शब्दानेही हक्क सांगितला नाही. त्या दिवसापासून ते गाणे बार्जचे झाले. ज्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती ती माणसे आपापल्या भाषेत एकाच वेळी तेच गाऊ लागली.

‘‘मगे सगळे साहेबांक चिडवूक लागले, इंडियावाल्याकडे गाणांच नाय म्हणून. मराठीत नाय तर नाय, साहेब म्हणाले, मी लिनचांच शिकतंय.’’

लिनने बार्जवरच्या सगळ्यांना अर्थही सांगितला होता. होडीचा दोर सुटत असताना काठावरची बाई जाणाऱ्याला म्हणते, निघायचेच आहे, तर निदान हा चहा निवायच्या आत पिऊन जा. बस, एवढेच. पुढे लिन आपल्या देशी परतला. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर मला राग आला नाही, दुःखही नीटसे झाले नाही. इतकेच वाटत राहिले, की माझ्या घरी दर आठवड्याला एक झोपाळू, अबोल माणूस येत होता आणि त्याच्यातला गाणारा माणूस डोंगरापलीकडेच राहत होता. चूक कुणाचीच नव्हती. घर ही त्याची विश्रांतीची जागा होती, आणि विश्रांतीत माणूस मुका होतो.

ग्लेंडाला हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, मग मराठीतून याला शब्द द्या ना. चाल त्याच्या ओळखीची आहे, तिच्यावर बसून शब्द येतील. मी हिंदीची शिक्षिका. मला हुरूप आला. मी किनारा आणला, सांध्यछाया आणली, दोन सुंदर ओळी रचल्या. ग्लेंडाने अर्थ विचारला आणि मान हलवली. ‘‘मॅडम, टू ब्युटिफुल. ही नीड्स वॉटर.’’

म्हणून त्या जुन्या, इतके समुद्र ओलांडून आलेल्या गाण्याला शारजातल्या एका घरात मराठी शब्द मिळाले ते असे: पाणी हवं. दुखतंय इथं. पडदा ओढ. मला बसव. त्याचा डावा हात माझ्या हातात धरून, मांडीवर ठेका देत, मी दिवसचे दिवस त्या चालीवर हे शब्द म्हणत राहिले. तो चिनी शब्दच गाई. कधी चिडून तोंड फिरवी. मला माझ्याच आवाजाचा वीट आला. चाल स्वप्नातसुद्धा पिच्छा सोडीना, आणि एकदा भाजी चिरताना ती माझ्याच ओठांवर आली तेव्हा मी सुरी खाली ठेवून बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. त्या दिवशी मी रेवाला सांगितले, पुण्याच्या संस्थेत जागा विचारून ठेव.

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी, मी चादर घडी करत असताना मागून सूर आला. पहिल्या ओळीचा चढ, ते थबकणे, आणि उतरताना, घोगऱ्या, ओबडधोबड आवाजात, ‘‘पा... णी... हवं.’’ मी पाणी दिले. निम्मे त्याच्या सदऱ्यावर सांडले. पडदा पुढच्या आठवड्यात आला. दुखण्याची ओळ नंतर, आणि ती आली तेव्हा मला कळले की त्याचा खांदा किती दिवसांपासून दुखत होता. या सगळ्यात काही चमत्कार नव्हता. पाच वेळा मागणे गावे तर तीन वेळा चुकीचे शब्द येत. पाणी हवे असताना तो पडदा ओढायला सांगे. थकवा होता तिथेच होता. संस्थेकडून जागा असल्याचा निरोप आला होता, आणि रेवा उत्तराची वाट पाहत होती.

काल दुपारी त्याला खिडकीशी खुर्चीत बसवून मी औषधाच्या वेळेची, धुण्याची, उद्या ग्लेंडाकडे जायच्या गाडीची अशी कसलीकसली धावपळ करत होते. त्याने माझा पदर डाव्या हाताने धरला. मी थांबले. तो गाऊ लागला, आमच्या शेवटच्या ओळीची चाल, ‘मला बसव’ची. पण ‘मला’ आले नाही. ‘व’ही आला नाही. मधलाच शब्द तेवढा आला, सुरावर लांबवलेला, ‘‘बस...’’

तो तर बसलेलाच होता. मग ओळ अर्धी राहिली होती का? की तो मला म्हणत होता, बस, दम घे जरा? की आता पुरे झाले, थांब, असे त्याला सांगायचे होते, या औषधांबद्दल, या घराबद्दल, स्वतःबद्दल? आपल्या भाषेने एवढ्याशा शब्दात इतके काही का भरून ठेवावे, असे मला पहिल्यांदाच वाटले. ग्लेंडाला विचारले असते तर ती म्हणाली असती, एका शब्दाचा फार अर्थ लावू नका. मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. तिथे आर्जव होते, किंवा माझ्या डोळ्यांतले मला तिथे दिसत होते.

आत धुण्याचे यंत्र थांबल्याची सूचना देत राहिले. रेवाचा फोन वाजला आणि वाजून बंद झाला. मी दुसरी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी लावली, आणि बसले.