गोरी मरियामाता

आमच्या पाड्यावरचं पहिलं चर्च कुडाचं होतं. कारवीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं. वैशाखरे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ते दिसायचंही नाही. ख्रिस्ती घरं आमची चार-पाच. तेव्हाच्या फादरांना देव मातीतलाच हवा होता. स्वतःच्या बंगल्याला मात्र स्लॅब आणि मोझॅकची फरशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मी शाळेत होते तेव्हा, नव्वदनंतर कधीतरी, त्यांनी मुंबईहून एक चित्रकार आणला. वेदीमागच्या भिंतीवर मरियामाता काढायची, पण इथली. त्याने माझ्या आईला समोर बसवलं. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, काळासावळा चेहरा आणि कडेवर करदोटा घातलेला बाळ येशू. पाहुणे गाड्या करून यायचे, फोटो काढायचे, "किती अस्सल!" म्हणायचे. आईला कसं वाटतं, हे कुणी विचारलं नाही. बोअरिंगवर पाणी भरताना बायका हसायच्या, "देवबाय आली गो, बाजूला व्हा!"

माझ्या धाकट्या भावाला आकडी यायची. आईला त्याच्यासाठी देवाकडे मागायचं होतं, आणि तिथेच तिचं अडलं. प्रार्थनेला ती मान खाली घालून बसायची. एकदा म्हणाली, "माज्याच तोंडापुढं हात कसं जोडू गो?"

दोन हजारनंतर नवे फादर आले. त्यांनी पाड्याला विचारलं, चर्च कसं हवं? सगळे एका सुरात म्हणाले, "शिनेमात असतं तसं. पांढरं, टोकाचं." मी तेव्हा मुरबाडला कॉलेजात होते. ती भिंत तरी ठेवा म्हणून भांडले. शेजारच्या काकाने सुनावलं, "तुला काय, जलमभर आमी कुडातच राहायचं?" राग आला, पण त्यात खोटं काय होतं? दोन घावांत भिंत बसली. आई तिथेच मजुरीला होती. स्वतःच्या तोंडाची माती तिनेच घमेल्यात भरली आणि नव्या जोत्यात नेऊन टाकली.

आता तिथे टोकदार खिडक्या आहेत, पाय घसरेल अशी फरशी आहे आणि निळ्या झग्यातली फायबरची मरियामाता आहे, दुधासारखी गोरी. तिच्याकडे आई मान वर करून बघते. एकदा मी चिडून विचारलं, "ही तुझी कोण लागते गं?"

"कोनी नाय," आई म्हणाली. "म्हनून तर मागता येतं. आपल्यावानी असती तर तिच्याजवल तरी काय असतं?"

भावाची आकडी काही थांबली नाही. मला दोन्ही फादरांचा, त्या चित्रकाराचा, मूर्तीचाही संताप येतो. आईने त्या गोऱ्या बाईला कधी बोल लावला नाही. "मीच नीट मागलं नसंल," म्हणते, आणि पुन्हा गुडघे टेकते.