मोटरच्या सायकलनं चंदखुरी

सायकलीले मोटर लावायची हे मी हौसेनं नाही, संतापून ठरवलं. रायपुरात आमचा रविवारचा सायकल ग्रुप आहे, दहा-बारा जणांचा, त्यात बाई मी एकटीच. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो. नवरा अविनाश (एकाच ऑफिसात होतो, म्हणून मी नावानंच हाक मारते) दर थोड्या वेळानं एखाद्या पुलियाशी, म्हणजे रस्त्यातल्या लहान पुलाशी, थांबतो, मी पोचली की "आली, सुषमा?" म्हणतो, मग आम्ही पुढं निघतो. बाकीचे तोवर चहाच्या टपरीवर ताटकळत बसतात. मागच्या महिन्यात आमच्या म्होरक्यानं, ज्याले सगळे कॅप्टन म्हणतात, सगळ्यांसमोर मले ऐकवलं, "भाभीजी, अब किसी के लिए रुकेंगे नहीं. आपके चक्कर में अविनाश भैया की भी स्पीड मर गई." अविनाश चहाच्या कपात पाहून राहिला होता.

म्हणजे बरोबरीनं चालवा, नाहीतर रविवारी घरी बसा. मी कायले घरी बसू?

आमच्या तात्यापाऱ्यातल्या घराजवळ एका दुकानात मोटरच्या सायकली दिवसाच्या भाड्यानं मिळतात. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, पाचशे-सहाशे रुपये द्यायचे, सायकल न्यायची. गुडघा माझा, चालवणार मी, पण दुकानदार सगळं अविनाशले समजावून राहिला होता. शेवटी तं त्यानं सल्लाच दिला, "मॅडम के लिए स्कूटी ले लो भैया." मी म्हटलं, तुमच्याकडं ज्या तीन हलक्या म्हणता त्या तिन्ही काढा, एकेक दिवस नेते.

शुक्रवारी पहिली घेतली. हिची मोटर मागच्या चाकात. पायडल फिरून राहिलं का नाही, एवढंच तिले कळते. जोर किती लावला याच्याशी तिले घेणंदेणं नाही. पुरानी बस्तीच्या गल्लीत शिरली आणि पश्चात्ताप झाला. अर्धा फेरा मारला की मागून कोणी धक्का दिल्यासारखी ती सुटते, आणि पाय थांबवला तरी जराशी ओढतच राहते. एका देवळासमोर गाय आडवी बसली होती. मी पाय थांबवला, सायकल थांबली नाही. ब्रेक कचकन दाबला तेव्हा कुठं मोटर बंद झाली. गाय मान वळवून माझ्याकडं पाहत होती, उठायचं तिच्या मनातही आलं नाही. सोबत अविनाश होता त्याच्या साध्या सायकलवर, पण मी एकतर त्याच्या पुढं, नाहीतर ब्रेक मारून मागं. सरळ रस्त्यानं ऑफिसले जायचं असेल तं ही घ्या, काही वाईट नाही. गल्लीबोळात राहत असाल तं नका घेऊ.

शनिवारी दुसरी. हिची मोटर मधोमध, पायडलच्या आसाशी. ही जोर ओळखते, आणि चालते मोठी गोड. शहराबाहेर उरला नावाचा कारखान्यांचा भाग आहे, तिथं माझा धाकटा भाऊ कामाले आहे, त्याच्याकडं गेली. ट्रकांच्या धुळीतून वेगात जाताना वाटलं, हीच घ्यावी. मग एका ट्रकमागं अचानक थांबावं लागलं, गियर उतरवायचा राहिला, आणि जड गियरवर पुन्हा निघताना पहिलाच दाब गुडघ्यावर असा आला की डोळ्यांत पाणी. ही मोटर साखळीतून जोर देते, म्हणून थांबायच्या आधी गियर हलका करायचा असतो. हे दुकानदारानं सांगितलं असेल, पण अविनाशले. भावाच्या घराच्या चार पायऱ्या सायकल मी आणि त्यानं मिळून चढवली. भाऊ म्हणे, "ताई, ही हलकी आहे तं भारी कशी असते?"

रविवारी ग्रुपसोबत चंदखुरी, रायपूरबाहेरचं देवळाचं गाव. सकाळी तेलीबांधा तळ्यावर सगळे जमले. तिसरी सायकल पाहून कॅप्टन म्हणतो, "भाभीजी, मोटर तो चीटिंग है." मी विचारलं, "आप चश्मा लगाके अखबार पढ़ते हो, वो क्या है?" त्यानं हेल्मेट घातलं आणि निघाला.

हिचीही मोटर मागच्या चाकात, पण लहानशी, आणि पायाचा जोर मोजणारी. मी जेवढं दाबते त्यात ती थोडीशी भर घालते, बस. मोटर बंद केली तरी पायडल जड होत नाही, आणि मी एकटी उचलू शकते. मंदिर हसौद गावापर्यंत ट्रक फार, कडेकडेनं चला. तिथून चंदखुरीकडं वळलं की दोन्हीकडं धान कापलेली शेतं आणि तोंडावर गार वारा. दोन वर्षांत पहिल्यांदा मी अविनाशच्या शेजारून चालवत होती, बोलत होती. फार आनंद झाला, खोटं कायले सांगू.

आणि तो पुलियाशी थांबला.

"काहून थांबला?"

"तुझ्यासाठी."

"मी तं इथंच आहे."

तो पाणी पिऊन राहिला होता, पण घोटामागं घोट घेता येत नव्हता, मधे श्वास घ्यावा लागत होता. छाती भात्यासारखी वरखाली. आजवर मी पोचेपर्यंत त्याचा दम बसलेला असे. मी विचारलं, केव्हापासून. म्हणे, दोन वर्षं झाली असतील.

"आणि कॅप्टन मले बोलला तेव्हा?"

"वाटलं, तुझा गुडघा आहेच तसाही."

चंदखुरीले तळ्याच्या मधोमध कौसल्या मातेचं देऊळ आहे, पुलावरून जायचं, सकाळी शांत असते. मी हात जोडले, पण डोक्यात रागच होता, आणि रागाखाली भीती. बाहेर गरम चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी मिळते, अवश्य खा. मी अविनाशच्या प्लेटमधलाही खाल्ला. परत येताना तो थांबला तिथं मी थांबली.

सोमवारी त्याले डॉक्टरकडं नेलं. दमा निघाला. औषध सुरू झालं, सायकल सोडू नका म्हणाले, दम लागेपर्यंत मात्र चालवायची नाही.

तर तुम्ही विचाराल, घ्यायची कोणती. तिसरी. स्वस्त नाही, चांगली सेकंडहँड स्कूटी येईल तेवढ्यात. आम्ही दोन सांगितल्या, एक त्याच्यासाठी. अविनाश कुरकुरला, "लोक हसतील." मी म्हटलं, "माझ्यावर दोन वर्षं हसले, तू तिथंच चहा पिऊन राहिला होता."

मग फोन काढून त्यानं ग्रुपवर लिहिलं: "रुकता मैं था, सुषमा नहीं. मुझे दमा है."

पाच मिनिटांत उत्तरांची ओळ लागली. भैया तबीयत संभालो. भैया जल्दी मत करना. सगळ्यात आधी कॅप्टनचं आलं: "आपके लिए तो हम रुकेंगे ही, भैया."