चबुतरा आधी रिकामा केला, मग परत बोलवायला गेले

मंडळी, मन खातंय म्हणून लिहितेय.

झाशीजवळच्या एका खेड्यात आम्ही घर घेऊन होमस्टे केलाय. त्याच्या चबुतऱ्यावर गावातल्या बायका वर्षानुवर्षं दुपारी डाळ निवडत बसतात. आज पुण्याचे पाहुणे येणार, म्हणून मी त्यांच्यातल्या थोरल्या चाचींना म्हटलं, "चाचीजी, आज ज़रा घर पर बैठ लीजिए."

त्या हसल्या, सूप उचललं आणि जाताजाता चबुतरा झाडूनही गेल्या.

पाहुण्यांनी आल्याआल्या विचारलं, "फोटोतल्या त्या बायका कुठायत?" तो फोटो मीच ऑनलाइन टाकलाय.

मी धावत चाचींकडे गेले. त्या लगेच उठल्या. "आ रये बिन्नू. फोटू खिंचवाने है न?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी "हाँ" म्हटलं.

तुम्ही काय म्हणाला असतात?