पिठातली चाकं

माझ्या धाकट्या भावाकडे एक लाल गाडी होती. जुन्या काळी शर्यती मारलेल्या मोटारीची हुबेहूब छोटी प्रत, हातभरही नाही. दारं उघडायची, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायची. आमच्या अर्जुनीकडच्या गावात धानाचे ट्रॅक्टर सोडून कुणाला कशाचं कौतुक नाही, पण हा नागपूरहून ती मांडीवर घेऊन आला. काचेच्या कपाटात ठेवली आणि बजावलं, "हात नोको लावू. चाक जमिनीले टेकलं का कलेक्शनची गाडी खराब झाली." मी म्हणायचो, "मग गाडी कायले घेतली? फोटो घ्यायचा होता!"

तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

आमच्याकडे माणूस जातो त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात पाखराचं, मांजराचं, कशाचंही पाऊल उमटलं की तो घरी येऊन गेला म्हणायचं. आईने अन्न सोडलं होतं. तो आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाली. मला संताप आला. काहीच उमटलं नाही तर हिचं काय करायचं?

सकाळी बाबांनी टोपली उचलली. पिठात चाकांच्या दोन ओळी होत्या, शेवटी किंचित वळलेल्या.

"माहा लेक आला होता," आई म्हणाली. तिला रात्रभर मावशीने कुशीत धरून ठेवलं होतं. ती उठली आणि पेज प्यायली.

मला वाटलं, हे बाबांचं काम. मनातल्या मनात मी त्यांच्या पाया पडलो. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

परवा बांधावर बसलो असताना बाबाच म्हणाले, "तवा गाडी फिरवून बरं केलं तू. नाही तं तुही माय वाचली नसती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते थट्टा करत नव्हते. घरात तेव्हा आम्ही चौघंच होतो.

"हो," मी म्हणालो. म्हातारपणी त्यांना कशाला घाबरवायचं?

आता त्या कपाटासमोरून जाताना अंगावर काटा येतो. पण भीतीहून जास्त राग येतो. मी शेजारच्याच खोलीत झोपलो होतो. तो आला, जिवापाड जपलेली गाडी आईसाठी पिठात फिरवून गेला, आणि मला उठवलंसुद्धा नाही.